फुया

"टाक ती! आधी खाली टाक!"

मी ओरडले तसा सन्मती दारातच थबकला. त्याच्या हातात कण्हेरीची अख्खी फांदी होती, त्याच्याहून उंच, गुलाबी फुलांनी लगडलेली. पाच वर्षांच्या पोरानं ती कशी तोडली असेल देव जाणे.

"रेवतीला आणलीय," तो म्हणाला. "कण्हेर अजून कुणीच आणली नव्हती."

"विषारी असते ती. जा, साबणानं हात धू. तोंडात घातलंस का काही?"

"नाही. पण आई, हीच असेल बघ. तिला दाखव तरी."

रेवती नेहमीसारखी खिडकीत बसली होती. आमच्या तासगावच्या भाड्याच्या घराला पुढच्या खोलीत जमिनीलगत एक बुटकी, रुंद खिडकी होती. घरात आल्या दिवसापासून तिनं तीच जागा धरली होती, गज मुठीत घट्ट पकडून. दोन वर्षांची पोर. तिनं मान वळवली, फांदीकडं पाहिलं. फुलांवरून नजर फिरवली आणि पुन्हा बाहेर बघत हळूच म्हणाली, "फुया."

"ही पण नाही," सन्मती रडवेला झाला.

आम्हाला तीन मुलगे होते. शीतल दहा वर्षांचा, भूपाल सात वर्षांचा आणि हा सन्मती. मला मुलगी हवी होती. सन्मतीच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं, यापुढं नाही. मग पाच वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलींच्या वेण्या बघत काढली. एके दिवशी माझे यजमान शाळेतून आले. ते हायस्कूलला गणित शिकवत. चपला काढता काढता म्हणाले, "मिरजेला एक संस्था आहे लहान मुलांची. जाऊन येऊ या का?" माझ्या मनातलं त्यांना कधीपासून कळत होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

होळीच्या आठवड्यात आम्ही रेवतीला घरी आणलं. संस्थेनं ती झोपेत असतानाच माझ्या मांडीवर दिली. "त्रास होत नाही असं दिलं की," असं तिथल्या देशिंगकर बाई म्हणाल्या होत्या. त्या संस्थेतर्फे घरोघरी जाऊन मुलांची चौकशी करायच्या. सांगलीपर्यंत ती झोपली होती. तिथं एसटी बदलताना जागी झाली आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. ते बघणं अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. ती रडली नाही. नुसती बघत राहिली.

घरी आल्यावरही कधी रडली नाही. माझी तिन्ही पोरं आकाशपाताळ एक करणारी. भूपालला नुसतं खरचटलं तरी गल्ली गोळा व्हायची. ही पडली, कपाळाला टेंगूळ आलं, तरी हूं नाही की चूं नाही. "किती गुणाचं लेकरू मिळालंय तुम्हाला!" असं शेजारच्या बायका म्हणायच्या. मला मात्र धस्स व्हायचं.

ती खायची चिमणीएवढं. झोपायची तर बसल्या बसल्या, गजाला डोकं टेकून. मी उचलून गादीवर ठेवलं की दचकून जागी व्हायची आणि पुन्हा खिडकीत जाऊन बसायची. मी जवळ घेतलं तर नको म्हणायची नाही. लाकडासारखी होऊन राहायची, मी सोडेपर्यंत.

एवढा एकच शब्द तिला येत होता. "फुया."

"फुलं म्हणतेय ती," शीतलनं पहिल्याच आठवड्यात शोध लावला. तिथून पोरांनी ध्यास घेतला. फाल्गुन संपत आला होता. ऊन तापायला लागलं होतं तरी सकाळी हवेत गारवा असायचा आणि जिकडं तिकडं काही ना काही फुललेलं. शीतलनं डोंगराकडून पळस आणला. भूपाल आमच्या जैन बसदीच्या, म्हणजे मंदिराच्या, अंगणातला मोगरा ओंजळभर घेऊन आला. बोगनवेल झाली, जास्वंद झाली, सदाफुली, शेवग्याची फुलं, कडुनिंबाचा मोहोर. मागं घरमालकांचं बेदाण्याचं शेड होतं. तिथं जाळीच्या थरांवर द्राक्षं वाळत असायची आणि दिवसभर गोडसर आंबूस वास यायचा. पोरं खिसे भरून बेदाणे आणायची, तेही तिच्यापुढं फुलांशेजारी मांडायची. ती प्रत्येक फूल हातात घ्यायची, नीट बघायची आणि बाजूला ठेवायची. मग पुन्हा तेच. "फुया."

पाडव्याला गुढीच्या माळेतलं झेंडूचं फूल यांनी स्वतः सोडवून तिला दिलं. "घे, हे घे," ते म्हणाले. तिनं ते घेतलं, बाजूला ठेवलं. यांनी माझ्याकडं पाहिलं आणि साखरेच्या गाठी पोरांत वाटायला लागले.

पाडव्यानंतर दोन-तीन दिवसांनी देशिंगकर बाई भेटीला आल्या. पन्हं दिलं. त्यांनी रेवतीला हाक मारली, खिडकीशी जाऊन तिचे दंड चाचपले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"वाळली हो. खात नाही का?"

"फारसं नाही."

"रडते?"

"नाही. कधीच नाही."

बाई परत येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "हे बघा, कोर्टाचं काम अजून व्हायचंय. मूल रुजत नाही असं दिसलं तर आमची समिती दुसरा विचार करते. मला घाबरवायचं नाही तुम्हाला, पण..."

रेवती खिडकीतून उतरून आमच्याजवळ आली होती. असं ती कधी करत नसे. बाईंच्या पर्सकडं, साडीकडं बघत होती. ओळखीचं काहीतरी तिला दिसलं असावं. ती बाईंच्या गुडघ्याला हात लावून म्हणाली, "फुया?"

आजवर ती नुसतं म्हणायची. आज तिनं विचारलं.

"सारखी फुलं मागते," मी म्हणाले. "आमच्या पोरांनी गावातली सगळी झाडं पालथी घातली. कुठलं हवंय कळतच नाही."

बाईंनी पन्ह्याचा पेला खाली ठेवला. "फुलं नाही हो," त्या म्हणाल्या. "फुला. फुलाबाई. आमच्याकडं आया होती. हिला तिनंच वाढवलं, दहा दिवसांची असल्यापासून."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

"आता कुठं आहेत त्या?"

"काम सोडलं तिनं, ही इकडं आल्यावर. मालगावला भाऊ आहे तिचा, पानमळा आहे. पण तुम्ही भलतं काही मनात आणू नका. मुलं विसरतात. भेट घातलीत की पुन्हा पहिल्यापासून. मी पंधरा वर्षं हेच काम करतेय."

त्या गेल्या. दुपारी हे शाळेतून आल्यावर मी सगळं सांगितलं. ते टोपी हातात फिरवत बसले.

"बाई अनुभवानं सांगतात," ते म्हणाले.

"अहो, ती होळीपासून एका माणसाला हाका मारतेय आणि आपण तिच्या हातात फुलं देतोय!"

"आणि तिकडं नेल्यावर ती आपल्याकडं यायलाच तयार झाली नाही तर?"

ती भीती मलाही होतीच. त्यांच्यापेक्षा जास्त होती. मी म्हणाले, "इथं तरी कुठं आलीय ती अजून?"

रविवारी आम्ही सगळे निघालो. मुलांना ठेवणार कुणाकडं? सांगलीला एसटी बदलली, मिरजेला बदलली. भूपालला उलटी झाली, सन्मतीची एक चप्पल गाडीत राहिली. मालगावच्या अलीकडं उतरून मातीच्या वाटेनं चालत गेलो. ऊन मी म्हणत होतं, पण पानमळ्यात शिरलो आणि एकदम गार वाटलं. शेवऱ्यांच्या झाडांवर चढलेले पानांचे वेल, खाली ओल, हिरवा उजेड. एका खोपटापुढं दोन बायका पोत्यावर बसून विड्याची पानं रचत होत्या. त्यातली एक मान वर करून बघायला लागली. पन्नाशीची, सडपातळ, काळीसावळी. तिनं माझ्या कडेवरच्या पोरीला पाहिलं. हातातली पानं तशीच टाकून ती उठली, खोपटात शिरली आणि तिनं दार लावून घेतलं.

"फुलाबाई," मी दाराशी जाऊन म्हणाले, "मी तासगावहून आलेय. रेवतीला घेऊन."

"कशाला आनलंसा तिला?" आतून आवाज आला. "न्या. आधी घेऊन जावा इथनं."

रेवतीचं अंग ताठ झालं. मग ती माझ्या कडेवरून अक्षरशः घसरली. दारापाशी गेली आणि दोन्ही तळव्यांनी फळीवर थापा मारायला लागली. "फुया! फुया! फुया!"

आत काहीच हालचाल नाही.

"बाई, दार उघडा हो," हे म्हणाले. "लहान आहे ती."

दार उघडलं. फुलाबाई उंबऱ्यावर मटकन खाली बसली. मला वाटलं, पोर आता तिच्या गळ्यात पडेल. तिनं हात उगारला आणि फुलाबाईच्या तोंडावर मारला. पुन्हा मारला. गालावर, नाकावर, कपाळावर, इवल्या इवल्या चापट्या. फुलाबाई हललीसुद्धा नाही.

"मार," ती म्हणत होती. "मार बाई. मार मला."

आणि मग रेवती रडली. एवढ्या दिवसांत तिचा आवाज कसा आहे हेच मला ठाऊक नव्हतं. घोगरा, मोठा, पोटातून आलेला. सन्मती घाबरून तिच्याबरोबर रडायला लागला. शीतल वेलांकडं तोंड करून उभा राहिला. फुलाबाईनं रेवतीला पोटाशी धरलं होतं आणि तिची माझ्याकडं बघायची हिंमत होत नव्हती.

मी जरा लांब जाऊन बसले. तसं रडून रेवती माझ्या अंगाशी कधीच बिलगली नव्हती.

बऱ्याच वेळानं फुलाबाई बोलली. "त्या दिवशी मला म्हनाल्या, झोपवून दे. मी झोपवली. मांडीवर थोपटून थोपटून झोपवली वो. तिला काय वाटलं आसंल उठल्यावर? मला त्येच खातंय. म्हनून काम सोडलं. तीस लेकरं लोकांच्या घरी गेली माझ्या हातनं, एकाचं कधी असं वाटलं न्हाई. हिचंच तेवढं चुकलं माझं. हिला मी माझ्या अंथरुनात घेतली."

"आमच्याकडं चला," मी म्हणाले. "थोडे दिवस."

"आनि परत निघताना? पुन्ना त्येच?"

"तेच नाही. या वेळी तिला सांगून निघा. ती जागी असताना."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. मग आत गेली आणि एका पिशवीत दोन लुगडी घेऊन आली.

महावीर जयंतीपर्यंत ती आमच्याकडं राहिली. ते दिवस मला सणासारखे आठवतात. रेवती हसते हे मला तेव्हा कळलं. ती घरभर पळायची. तिला "दे", "नको", "बघ" असे कितीतरी शब्द येत होते. भूपालच्या पाठीवर बसून ती बेदाण्याच्या शेडपर्यंत जाऊन यायची आणि ओंजळभर बेदाणे आणायची, पण ते फुलाबाईला द्यायला. मी चुलीपाशी बसून बघत असे. माझ्या घरात, माझ्या अंगणात माझी मुलगी हसत होती, आणि त्या हसण्यात मी कुठं नव्हते.

फुलाबाईला ते दिसत होतं. दुसऱ्या दिवसापासून तिनं एक सुरू केलं. रेवतीला काही हवं असलं की नेमकी तिच्या हातात राख असायची, नाहीतर पीठ.

"माझं हात भरल्यात," ती म्हणायची. "आईकडं जा. आई देती."

रेवती उभीच राहायची. माझ्याकडं बघायची, तिच्याकडं बघायची. पहिल्या दिवशी तहानलेली तशीच बसली. मी उठायला लागले तर फुलाबाईनं डोळ्यांनी मला थांबवलं. दुसऱ्या दिवशी रेवती माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन उभी राहिली. मी भात कालवून एक घास पुढं केला. तिनं मान वळवून फुलाबाईकडं पाहिलं. फुलाबाई परातीत कणीक तिंबत होती, तिनं वरसुद्धा पाहिलं नाही. रेवतीनं तोंड उघडलं.

दुपारी पोरं झोपल्यावर फुलाबाई मला सांगायची. हिला आंबट चालतं, दूध कोमट नको, गार लागतं. ढगांचा आवाज झाला की भिते, तेव्हा काही बोलायचं नाही, नुसतं जवळ बसायचं. सांगताना तिचा चेहरा असा व्हायचा की मला वाटायचं, ऐकू नये. पण मी ऐकलं, सगळं.

एका दुपारी मी म्हणून गेले, "तुम्ही इथंच राहा ना. घर मोठं नाही, पण होईल. मलाही आधार होईल."

तिचीही तीच इच्छा होती, हे मला दिसत होतं.

"दोन आया झाल्या म्हंजी लेकराला कुनाकडं बघावं कळत न्हाई," ती म्हणाली. "आनि मला लई ऱ्हावंसं वाटतंय बाई. म्हनूनच जायला पायजे."

पुढचं आधीच सांगून टाकते. देशिंगकर बाई पुन्हा आल्या तेव्हा रेवतीनं त्यांचा चष्मा ओढला आणि दिला नाही म्हणून भोकाड पसरलं. बाई हसल्या. त्यांनी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. श्रावणात कोर्टाचा निकाल लागला. रेवती आता पस्तिशीची आहे, कोल्हापुरात असते, तिला दोन मुलं आहेत. फुलाबाई तिला अजिबात आठवत नाही. मी कितीदा सांगितलंय. ती ऐकते, "कशा दिसायच्या ग?" असं विचारते. तिच्या डोळ्यांत कुतूहल असतं, ओळख नसते. पुढल्या पाडव्याला हे मालगावला गेले होते, फुलाबाईला आणायला. भाऊ म्हणाला, ती मुंबईकडं कुणातरी बाळंतिणीला सांभाळायला गेली. पत्ता नव्हता. त्यानंतरही आम्ही दोन-तीनदा चौकशी केली. ती परत आली नाही. मला वाटतं, तिनं मुद्दामच पत्ता ठेवला नसावा. विसरलं जायला ती स्वतःहून निघून गेली होती. पण मी नाही विसरले. अजूनही चैत्र लागला की मला वाटतं, एसटी स्टँडवर जाऊन उभं राहावं.

महावीर जयंतीची मिरवणूक झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं ती निघाली. आम्ही सगळे तिला सोडायला गेलो. मी तिला एक हिरवं लुगडं नेसवलं होतं. स्टँडवर उसाच्या रसाची गाडी घुंगरं वाजवत होती. गाडी लागल्यावर फुलाबाईनं पिशवी खाली ठेवली आणि रेवतीपुढं उकिडवी बसली.

"हिकडं बघ," ती म्हणाली. "मी गावाला चालले. तू झोपली न्हाईस, जागी हाईस. बघतीयास न्हवं? मी आता ह्या गाडीत बसनार. तू आईसंगं घरी जायाचं."

रेवतीनं तिच्या पदराची मूठ धरली. "नको."

"नको म्हनून चालत न्हाई सोन्या. मला जायाला पायजे. तू वंगाळ वागलीस म्हनून न्हाई चालले. तू लई गुनाची हाईस. कळलं?"

"नको."

फुलाबाईनं एकेक बोट सोडवलं. उठली. माझ्या हातात पोरीला देताना तिचे दोन्ही हात क्षणभर माझ्या हातांवर राहिले. "संभाळा," एवढंच म्हणाली. गाडीत खिडकीशी बसली आणि गाडी हलेपर्यंत रेवतीकडं बघत राहिली. तोंड फिरवलं नाही, डोळ्यांना पदर लावला नाही. पोरीला दिसत राहावं म्हणून.

गाडी फाटकातून बाहेर पडली तशी रेवतीनं किंकाळी फोडली. मागं झोकून दिलं स्वतःला. मला सावरेना. यांनी हात पुढं केला, तर तिनं माझ्याच खांद्याला दात लावले आणि तिथंच घट्ट धरून राहिली. घरापर्यंत ती रडत होती. बाजारपेठेतली माणसं वळून बघत होती. तिन्ही पोरं माझ्या मागं गुपचूप चालत होती. घरी आल्यावरही ती थांबली नाही. रडता रडता माझ्या खांद्यावरच झोपली. पहिल्यांदाच, आडवी नाही, गजाला टेकून नाही. माझा हात बधीर झाला तरी मी तिला खाली ठेवलं नाही. पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत फिरत राहिले.

उन्हं कलल्यावर ती जागी झाली. मला कळलं, कारण श्वास बदलला. मी थांबले. तिनं डोकं उचललं, भिंतीकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. फार जवळून.

"फुया?"

"गावाला गेली," मी म्हणाले. "तुला सांगून गेली ना?"

ती विचार करत राहिली.

"गेली," ती म्हणाली.

"हो. गेली."

मग तिनं माझा गळा सोडला नाही, पण मान वळवून माठाकडं बोट केलं. "पानी."

तिनं माझ्याकडं मागितलेलं ते पहिलं. मी एका हातानं झाकण काढलं, पेला बुडवला, तिच्या ओठाला लावला. ती घटाघटा प्यायली. पेला रिकामा झाला आणि तिला पुन्हा रडू फुटलं. या वेळी ओरडून नाही, हळू, थकून गेल्यासारखं. मी तिला घेऊन तिथंच माठापाशी खाली बसले.

"रड," मी तिला म्हणाले. "रड हं बाळा."

दारात तिन्ही पोरं उभी होती. शीतलनं विचारलं, "आई, तू का रडतेस?"

आम्ही दोघी एकाच बाईसाठी रडत होतो.